श्वास आणि श्रम : फुप्फुसविकारात बेताने काम करण्याची रीत

हृदयाचे ठोके, अन्नाचे पचन, मूत्रपिंडांचे गाळण्याचे कार्य हे शरीराचे व्यवहार मनुष्याच्या इच्छेवाचून चालतात. त्यांची गती वाढवावी किंवा कमी करावी अशी थेट आज्ञा त्यांना देता येत नाही. श्वासोच्छ्वासाची गोष्ट निराळी आहे. निद्रेत तो आपोआप चालतो. परंतु जागेपणी मनुष्य तो क्षणभर रोखू शकतो, लांबवू शकतो, मंद करू शकतो. गाणारा, पोहणारा आणि शंख फुंकणारा हे तिघेही श्वासाच्या या दुहेरी स्वभावाचा उपयोग करीत असतात. ज्यांची फुप्फुसे रोगाने दुर्बळ झाली आहेत त्यांना तर हाच स्वभाव फार मोठा आधार ठरतो. गेलेली फुप्फुसशक्ती बहुधा परत मिळत नाही. परंतु उरलेली शक्ती कशी खर्च करावी, हे मात्र शिकता येते.

या शिक्षणाचे महत्त्व रुग्णाच्या दिनक्रमाकडे पाहिले म्हणजे कळते. धाप लागते म्हणून प्रथम जिना सुटतो, मग बाजार सुटतो, मग शेजाऱ्याकडे जाणे सुटते. शेवटी स्नान करणे आणि अंगात सदरा घालणे यांसाठीही दुसऱ्याचा हात लागू लागतो. ही उतरण सर्वस्वी रोगामुळेच घडते असे नाही. तिचा बराचसा भाग चुकीच्या रीतीने केलेल्या श्रमांमुळे आणि तितक्याच चुकीच्या विश्रांतीमुळे घडतो. हा दुसरा भाग टाळता येण्यासारखा आहे.

धाप का लागते

निरोगी प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असता मिनिटाला साधारणपणे १२ ते १६ वेळा श्वास घेतो. प्रत्येक श्वासाबरोबर सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. म्हणजे मिनिटाला सहा ते आठ लिटर हवेवर त्याचे भागते. सुदृढ तरुण जोराने धावू लागला म्हणजे हाच आकडा १०० लिटरांच्याही पुढे जातो. निसर्गाने दिलेली ही शिल्लक इतकी मोठी आहे की, तिचा बराच भाग नाहीसा झाला तरी स्वस्थ बसलेल्या मनुष्याला त्याची जाणीव होत नाही. म्हणूनच फुप्फुसाचे पुष्कळ विकार वर्षानुवर्षे लपून राहतात आणि जिना चढताना प्रथम प्रकट होतात.

या विकारांत सी.ओ.पी.डी. या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकार प्रमुख आहे. तंबाखूचा धूर हे त्याचे सर्वपरिचित कारण होय. परंतु ज्या स्त्रियांचे आयुष्य लाकूड, गोवऱ्या किंवा काटक्या जाळणाऱ्या चुलीपुढे गेले, त्यांनाही तो जडतो. त्यांनी कधी विडीला हात लावलेला नसतो. क्षयरोग बरा झाल्यावरही फुप्फुसात व्रण राहतात आणि त्यांमुळेही कायमची धाप मागे उरू शकते. भारतात क्षयाचे रुग्ण जगात सर्वाधिक असल्यामुळे असे लोक येथे पुष्कळ आहेत. खाणी, दगडफोड व तत्सम धंद्यांतील धूळ हे आणखी एक कारण आहे.

अवरोधी विकारात बारीक श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात आणि फुप्फुसाचा लवचिकपणा कमी झालेला असतो. अशा फुप्फुसात हवा आत घेणे तितकेसे कठीण नसते. ती बाहेर टाकणे कठीण असते. श्वास सोडताना छातीतील दाब वाढतो, त्याने मऊ पडलेल्या नलिका मिटू लागतात आणि काही हवा आतच अडकते. सामान्य समजूत अशी की, धाप लागलेल्या मनुष्याला हवा मिळत नाही. या रुग्णांच्या बाबतीत खरी अडचण पुष्कळदा उलट असते : जुनी हवा बाहेर गेलेली नसते, म्हणून नव्या हवेला जागा उरत नाही.

येथे थोडा हिशेब करून पाहू. मिनिटाला २० श्वास असतील तर प्रत्येक श्वासाला ३ सेकंद मिळतात. त्यांपैकी १ सेकंद श्वास घेण्यात गेला, तर सोडण्यास २ सेकंद उरतात. घाईने श्वासांची संख्या ४० झाली, की एका श्वासाला दीडच सेकंद मिळतो आणि त्याच प्रमाणात सोडण्यास अवघा १ सेकंद राहतो. अरुंद नलिकांतून हवा बाहेर जाण्यास एवढा वेळ पुरत नाही. प्रत्येक श्वासागणिक थोडी थोडी हवा आत साठत जाते, छाती फुगते, आणि छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल हा मुख्य स्नायू खाली दाबला जाऊन सपाट होतो. सपाट झालेल्या स्नायूला पुरेसे आकुंचन पावता येत नाही. मग मान व खांदे यांचे स्नायू मदतीस धावतात आणि श्वास घेणे हेच एक कष्टाचे काम होऊन बसते.

मंद श्वासाचा लाभ

घाईच्या श्वासाचा दुसरा तोटाही गणिताने स्पष्ट होतो. आत घेतलेल्या प्रत्येक श्वासापैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा व मोठ्या श्वासनलिका यांतच राहते. रक्ताशी वायूंची देवघेव करणाऱ्या वायुकोशांपर्यंत ती पोहोचत नाही. आता मिनिटाला ६,००० मिलिलिटर हवा दोन प्रकारे घेता येईल. ५०० मिलिलिटरांचे १२ श्वास घेतल्यास वायुकोशांना १२ × ३५०, म्हणजे ४,२०० मिलिलिटर हवा मिळते. २५० मिलिलिटरांचे २४ श्वास घेतल्यास २४ × १००, म्हणजे केवळ २,४०० मिलिलिटर मिळते. एकूण हवा तेवढीच, परंतु उपयोगी पडणारी हवा जवळजवळ निम्म्यावर आली. उथळ व जलद श्वास हा असा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

यावर एक साधा उपाय आहे. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून, घेण्यास लागला त्याच्या सुमारे दुप्पट वेळ, हळूहळू सोडावा. दिव्याची ज्योत विझू नये, केवळ हलावी, इतकीच फुंकर असावी. ओठांशी हवेला किंचित अडथळा झाल्यामुळे आतील नलिकांत थोडा दाब टिकून राहतो, त्या मिटत नाहीत, आणि अडकलेली हवा बाहेर पडण्यास सवड मिळते. जोराने फुंकल्यास मात्र उलट परिणाम होतो. ही रीत धाप लागल्यावर नव्हे, स्वस्थ असताना शिकून ठेवावी. बुडू लागल्यावर पोहणे शिकता येत नाही.

विश्रांतीविषयीची जुनी समजूत

श्रमाने धाप लागते, म्हणून श्रम टाळावेत, हा विचार वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. परंतु न वापरलेला स्नायू दुर्बळ होतो. दुर्बळ स्नायू थोड्याच श्रमाने लॅक्टिक आम्ल निर्माण करू लागतो. या आम्लाचा निचरा करण्यासाठी श्वासोच्छ्वास वाढवावा लागतो. त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी श्रमानेच धाप लागते. आणि त्या धापेच्या भीतीने मनुष्य आणखी श्रम टाळतो. हे चक्र एकदा सुरू झाले म्हणजे फुप्फुसाचा रोग आहे तेथेच राहिला तरी रुग्ण खालावत जातो.

वैद्यकाला हे समजण्यास बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून क्षयरोग्याला महिनोन्महिने अंथरुणावर निजवून ठेवणे हा उपचाराचा मुख्य भाग मानला जाई. इंग्लंडमधील फ्रिमली येथे १९०५ साली उघडलेल्या आरोग्यधामात मार्कस पॅटरसन या डॉक्टरांनी याला वेगळे वळण दिले. प्रकृती सुधारलेल्या रुग्णांना त्यांनी प्रथम चालावयास लावले, मग टोपलीतून माती वाहावयास दिली, आणि पुढे हाती फावडे दिले. प्रत्येक पायरी ठरलेली असे आणि ताप किंवा इतर लक्षणे दिसल्यास रुग्णाला विश्रांती देण्यात येई. श्रमाने रोगप्रतिकार वाढतो ही त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. परंतु श्रम पायरीपायरीने, मोजून द्यावेत हा विचार टिकला.

निर्णायक पुरावा भारतातून आला. १९५६ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९३ रुग्णांवर एक तुलनात्मक प्रयोग केला. काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींवर त्यांच्या गरीब घरांतच उपचार केले. औषधे दोघांनाही तीच. आरोग्यधामातील रुग्णांना अधिक विश्रांती व सकस आहार मिळाला; घरचे रुग्ण हिंडतफिरत व कामे करीत राहिले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसून आले की, एक वर्षानंतर दोहोंच्या प्रकृतीत फारसे अंतर नव्हते. औषधे नियमाने घेतली तर दीर्घ विश्रांतीवाचून अडत नाही, हे त्यावरून सिद्ध झाले.

अवरोधी फुप्फुसविकाराच्या बाबतीत अशाच दिशेने १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे टॉमस पेटी यांनी काम केले. सोबत नेता येण्याजोगा प्राणवायू, श्वासाचे शिक्षण आणि क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम यांची त्यांनी सांगड घातली. आज या उपचारपद्धतीस श्वसन-पुनर्वसन म्हणतात. २०१५ साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात अशा ६५ प्रयोगांतील ३,८२२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. पुनर्वसनाने धाप व थकवा कमी होतो आणि चालण्याची शक्ती वाढते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

श्रमाचे मोजमाप

बेताने काम करावयाचे तर बेत कोठे आहे हे कळले पाहिजे. त्यासाठी तीन साधने प्रचारात आहेत.

पहिले साधन प्रश्नांचे आहे. वेल्समधील कोळसा-खाणकामगारांच्या तपासणीतून चार्ल्स फ्लेचर यांनी १९५२ साली धापेच्या पायऱ्या ठरविल्या. आजच्या स्वरूपात त्या ० ते ४ अशा आहेत. केवळ कठोर श्रमानेच धाप लागणे ही शून्य पायरी. सपाटीवर भराभर चालताना किंवा थोडा चढ चढताना धाप लागणे ही पहिली. समवयस्कांपेक्षा हळू चालावे लागणे, किंवा आपल्याच चालीने चालतानाही थांबावे लागणे ही दुसरी. सुमारे १०० मीटर किंवा थोडी मिनिटे चालून थांबावे लागणे ही तिसरी. धापेमुळे घराबाहेर पडता न येणे किंवा कपडे बदलतानाही धाप लागणे ही चौथी.

दुसरे साधन सहा मिनिटांच्या चालण्याचे. ३० मीटर लांबीच्या सपाट मार्गावर रुग्ण आपल्या चालीने सहा मिनिटे येरझारा घालतो व किती अंतर तोडले ते मोजतात. मध्ये थांबण्याची मुभा असते. घड्याळ मात्र थांबत नाही. काही आठवड्यांच्या व्यायामानंतर हीच चाचणी पुन्हा घेतली म्हणजे प्रगती आकड्यांत दिसते.

तिसरे साधन रुग्णाच्या स्वतःच्या जाणिवेचे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेला अंक देण्याची पद्धत बसविली. त्यांच्या ० ते १० या मापात शून्य म्हणजे धाप मुळीच नाही आणि १० म्हणजे असह्य धाप. व्यायाम करताना धाप ३ ते ४ च्या आसपास, म्हणजे मध्यम किंवा त्याहून किंचित अधिक असावी, असे साधारणपणे सांगतात. कागद जवळ नसेल तर बोलण्याची कसोटी पुरेशी आहे : लहानसे वाक्य बोलता येत असेल तर चाल योग्य, एकेक शब्द तोडून बोलावे लागत असेल तर ती फार जलद.

बेताने काम करण्याचे नियम

पहिला नियम असा की, धाप लागण्यापूर्वी थांबावे. दोन मजले, मिळून ३६ पायऱ्या चढावयाच्या आहेत असे धरू. एक रुग्ण एका मिनिटात त्या सर्व चढून जातो आणि वर कठड्याला धरून पाच मिनिटे धापा टाकीत उभा राहतो. दुसरा सहा पायऱ्या पाव मिनिटात चढतो, अर्धे मिनिट थांबतो आणि पुन्हा सहा चढतो. त्याच्या सहा टप्प्यांना दीड मिनिट आणि मधल्या पाच विसाव्यांना अडीच मिनिटे, अशी एकूण चार मिनिटे लागतात. पहिल्याला सहा मिनिटे लागली आणि वर पोहोचून तो बोलूही शकला नाही. दुसरा चार मिनिटांत पोहोचला आणि दार उघडताच बोलू लागला. आकडे उदाहरणापुरते आहेत. परंतु विसावा म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे, हे त्यावरून ध्यानात यावे.

दुसरा नियम : जोर लावताना श्वास सोडावा, कधीही रोखून धरू नये. खुर्चीवरून उठणे, बादली उचलणे, दार ढकलणे, पायरीवर पाऊल टाकणे या प्रत्येक क्रियेपूर्वी श्वास घ्यावा व ती करताना सोडावा. सपाटीवर चालताना दोन पावले श्वास घेण्यात आणि तीन किंवा चार पावले सोडण्यात जावीत, अशी लय बसवावी.

तिसरा नियम : हातांना आधार द्यावा. खांद्याचे स्नायू धापेच्या वेळी श्वासाच्या मदतीस लागतात. हात डोक्याच्या वर नेऊन काम केले तर त्या स्नायूंना दोन धन्यांची चाकरी करावी लागते. पायांपेक्षा हातांच्या अशा श्रमाने श्वासाची लय लवकर बिघडते, असे बार्टोलोमे सेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवून दिले. म्हणून रोजची भांडी उंच फळीवर न ठेवता कमरेच्या उंचीवर ठेवावीत. दाढी करताना किंवा केस विंचरताना कोपरे मेजावर टेकावीत. ओझे दोन लहान पिशव्यांत वाटून घ्यावे.

चौथा नियम : बसून होणारे काम उभ्याने करू नये. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, स्नान करणे ही कामे बसून होतात. न्हाणीघरात स्टूल ठेवावे, पाणी फार कढत नसावे व वाफ बाहेर जाण्यास खिडकी उघडी असावी. अंग घासून पुसण्याचे कष्ट मोठा पंचा गुंडाळून घेतल्याने वाचतात. पायांत चढविण्याचे कपडे एकदम चढवावेत, म्हणजे वारंवार वाकावे लागत नाही. वाकल्याने पोट श्वासपटलावर दाबले जाते.

पाचवा नियम आखणीचा आहे. बहुतेक रुग्णांची चूक अशी होते की, ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी साठलेली सर्व कामे उरकण्याचा ते प्रयत्न करतात आणि पुढील दोन दिवस अंथरुणात काढतात. त्याऐवजी जड व हलकी कामे आठवडाभर वाटून टाकावीत, जड कामानंतर विसावा ठेवावा आणि भरल्या पोटी श्रम करू नयेत. कोणते काम स्वतः करावयाचे, कोणते दुसऱ्यावर सोपवावयाचे आणि कोणते मुळीच करावयाचे नाही, हेही ठरवावे. ज्याला नातवंडाला शाळेपर्यंत पोहोचविणे प्रिय आहे, त्याने सकाळची शक्ती पाणी भरण्यात खर्च करू नये. काय राखावयाचे हे रुग्णाने ठरवावे. घरच्यांनी ते त्याच्यासाठी ठरवू नये. त्याच्या हातून प्रत्येक काम काढून घेणारी माया त्याला लवकर पंगू करते.

धाप लागलीच तर

नियम पाळूनही धाप लागेल. त्या वेळी बसून, पुढे झुकून, कोपरे मांड्यांवर टेकावीत. किंवा भिंतीला, कठड्याला अथवा काठीला टेकून पुढे झुकावे. हातांना टेका मिळाला की खांद्यांचे स्नायू श्वासासाठी मोकळे होतात. नंतर ओठांचा चंबू करून श्वास सोडण्यावर लक्ष द्यावे. भीतीने श्वास आणखी जलद होतो. म्हणून जवळच्या माणसाने प्रश्नांचा भडिमार न करता शांतपणे सोबत उभे राहणे हीच मोठी मदत होय.

छातीत दुखणे, भोवळ येणे, ओठ निळसर होणे, किंवा विसाव्यानंतरही धाप न ओसरणे ही चिन्हे दिसल्यास श्रम तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. कफ वाढणे, त्याचा रंग पालटणे आणि नेहमीपेक्षा अधिक धाप लागणे ही रोग उसळल्याची लक्षणे असतात. अशा वेळी व्यायामापेक्षा उपचार आधी. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बोटावरून दाखविणारे पल्स ऑक्सिमीटर हे यंत्र उपयोगी आहे. परंतु धाप आणि प्राणवायूची उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याला प्राणवायू पुरेसा असूनही धाप लागते. उलट फुप्फुसाच्या तंतुमयतेसारख्या विकारात चालू लागताच प्राणवायू झपाट्याने उतरू शकतो. म्हणून व्यायामाची मर्यादा, फवाऱ्याच्या औषधाची वेळ आणि श्रमाच्या वेळी लागणारा प्राणवायू ही डॉक्टरांनी ठरवून द्यावीत.

शक्ती वाढविणे

बेताने काम करणे म्हणजे आहे त्या शक्तीत भागविणे एवढेच नव्हे. ती वाढविण्याचाही तोच मार्ग आहे. पुनर्वसनाचे कार्यक्रम बहुधा ६ ते १२ आठवडे चालतात आणि त्यांत चालणे किंवा सायकल यांबरोबर हातापायांच्या स्नायूंसाठीही व्यायाम असतो. ज्याला सलग वीस मिनिटे चालवत नाही, त्याने दोन दोन मिनिटांचे तुकडे करून मध्ये विसावा घ्यावा. तुकड्यांनी केलेला व्यायामही उपयोगी पडतो. प्रत्येक आठवड्यात एखादे मिनिट वाढवावे. व्यायाम सोडल्यास मिळालेला लाभ हळूहळू ओसरतो, म्हणून तो जेवणासारखा नित्याचा करावा. तंबाखू सोडणे आणि घरातील धूर घालविणे यांवाचून मात्र हे सर्व गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. पाच मिनिटे स्वस्थ बसून एका मिनिटातील श्वास मोजा. नंतर एक जिना सावकाश चढून, आणि पुरेशा विश्रांतीनंतर तोच जिना भराभर चढून श्वास मोजा. मूळ संख्येवर येण्यास प्रत्येक वेळी किती मिनिटे लागली ते लिहा. ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे त्यांनी केवळ घड्याळ व नोंदवही सांभाळावी.

२. ६०० मिलिलिटरांचे १० श्वास आणि ३०० मिलिलिटरांचे २० श्वास यांपैकी वायुकोशांना अधिक हवा कशाने मिळेल? किती अधिक?

३. धाप लागणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने आपली शाळा किंवा ग्रंथालय पाहा. जिन्याला कठडा आहे काय? मधल्या वळणावर बसण्यास जागा आहे काय? एका बाकाने एखादा वाचक पुन्हा ग्रंथालयात येऊ लागेल, असे स्थान कोणते?